कासमभाईंचा कफील

थंडीच्या दिवसांत मासे धरायला बसण्यापूर्वी कासमभाई आपला उजवा हात समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत बुडवून ठेवत. पाच-दहा मिनिटं नव्हे, चांगला अर्धा तास. उत्तरेचा वारा सुटलेला असे. आम्ही बाकीचे आत दोन स्वेटर, वर कंपनीचं जाकीट, डोक्याला मफलर अशा थाटात दात वाजवत उभे, आणि हा पन्नाशीचा गृहस्थ धक्क्यावर उलट्या डब्यावर बसून, हात बादलीत घालून, वैद्याला नाडी दाखवायला बसल्यासारखा शांत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हाताला काही लागलं आहे. मी चौकशी केली.

“लागलं नाय, मास्तर,” ते म्हणाले. “मासा थंड हाय, हात गरम हाय. मग तो खाली काय बोलतो ते हाताला कळणार कसं?”

मी कऱ्हाडकडचा माणूस. मासा बोलतो हीच बातमी मला नवीन होती.

ही गोष्ट सौदी अरेबियातल्या अल खफजीची. कुवेतच्या सरहद्दीला चिकटलेलं छोटं गाव, समोर समुद्रात तेलाच्या विहिरी आणि किनाऱ्यावर आमच्या कंपनीचा कॅम्प. मी तिथे टाइमकीपर होतो. कोण कामावर आलं, कोण आजारी, कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत आला, हे सगळं माझ्या वहीत. हजेरी घेतो म्हणून कासमभाई मला मास्तर म्हणत. ते स्वतः रत्नागिरीच्या खाडीकाठचे. कंपनीत रिगर होते, म्हणजे अवजड सामान साखळदंड लावून उचलणारे. खोलीएवढा पंप ते क्रेनवाल्याला नुसत्या बोटांच्या खुणा करून असा खाली उतरवत की जमिनीला कळू नये. पण या कामाचं त्यांना कौतुक नव्हतं. “लोखंडाला काय, मन नाय,” म्हणत. “जिथं ठेवाल तिथं बसतं.”

सौदी म्हटलं की लोकांना ऊन आणि उंट आठवतात. मी घरी पत्रात ‘इकडे फार थंडी आहे’ असं लिहिलं की आईचं उत्तर यायचं, ‘तब्येत दाखवून घे, ताप असेल.’ पण खफजीचा हिवाळा ज्याने काढला त्याला विचारा. वारा वाळवंटातून निघतो आणि वाटेत त्याला अडवायला एक झाडसुद्धा नसतं. तो थेट आमच्या खोलीच्या दाराखालून आत यायचा. अशा वाऱ्यात, कामावर जायच्या आधी पहाटे आणि शुक्रवारी सबंध सकाळ, कासमभाई धक्क्यावर.

बरं, उन्हाळ्यात हा माणूस समुद्राकडे ढुंकूनही पाहत नसे. उन्हाळ्यात मासे कोणीही धरील, असं त्यांचं मत. आमच्या कॅम्पातले केरळी उन्हाळ्यात टोपल्या भरभरून मासे आणत, तेव्हा कासमभाई खाटेवर पडून म्हणत, “खुळे हायत. तो मासाच खुळा झालेला असतो. गरम पाण्यात धावतो, दिसेल त्याला तोंड घालतो. त्याला धरण्यात कसली मर्दुमकी?” खरी मासेमारी थंडीतली. थंडीत मासा तळाशी जाऊन पडतो. “भूक असते त्याला. पण उठायचा कंटाळा. रमझानच्या दुपारी आमच्याकडं बघ, तसा.” म्हणून त्याचं जेवण त्याच्या तोंडापुढे नेऊन ठेवायचं आणि गप्प बसायचं. “त्याला वाटलं पाहिजे, हे आपलं आपण शोधलं. घाई केलीस की गेला.”

हे सगळं मी आधी थट्टेवारी नेलं. मग एका शुक्रवारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. काठी नाही, चक्र नाही. नुसती हातातली दोरी. ती त्यांनी स्वतःच्या वावेने मोजलेली, म्हणजे दोन्ही हात पसरले की होईल तेवढं एक माप, अशी अकरा मापं. दर मापाला एक गाठ. दोरी तर्जनीवर घेऊन ते डोळे मिटून बसले आणि मला समुद्र वाचून दाखवू लागले.

“खेकडा हाय. आमिषावर चढला. आता उतरला. हा छोटा मासा, नुसता खेळतोय, याला भूक नाय. आता दोघं आले.”

मी हसलो. त्यांनी दोरी वर खेचली. गळाच्या गरीला खेकडा लटकत होता.

“उतरला म्हणालात ना?”

“परत चढला. तू हसलास तेव्हा.”

मग त्यांनी माझाही हात बादलीत घातला. तो अर्धा तास मी कसा काढला ते मला ठाऊक. बोटं निळी पडली. पण नंतर ती दोरी माझ्या बोटावर दिली तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. खाली वाळूवर दोरीला बांधलेलं शिशाचं वजन सरकत होतं ते कळत होतं. पाणी कुठे थांबतं, कुठे वळतं ते कळत होतं. मी आयुष्यभर समुद्राला घाबरणारा माणूस, आणि त्या घटकेला समुद्राचा सगळा तळ माझ्या एका बोटाशी येऊन बसला होता. त्या दिवसापासून मी कासमभाईंची थट्टा केली ती फक्त तोंडाने.

थट्टेला जागा मात्र भरपूर होती. मासे धरायला निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारायचं नाही, हा त्यांच्या किनाऱ्यावरचा रिवाज. विचारलं की दिवस फुकट. कोणी विचारलं तर कासमभाई मुकाट्याने मागे फिरत, खोलीवर जात, पायातल्या चपला काढत, घोटभर पाणी पीत आणि नव्याने निघत. आता आमच्या गेटवर एक पठाण चौकीदार होता आणि त्याचं कामच मुळी येणाऱ्याजाणाऱ्याला ‘किधर जाता है?’ विचारण्याचं. एका पहाटे कासमभाई पाच वेळा गेटपर्यंत गेले आणि पाच वेळा परत आले. पठाण बिचारा कामाला पक्का, एकदाही विचारायचं चुकला नाही. शेवटी मी मध्ये पडलो आणि असं ठरलं की कासमभाई दिसले की पठाणाने आभाळाकडे पाहायचं. तीन वर्षं त्याने इमानाने आभाळ पाहिलं.

भरती-ओहोटीचा घोटाळा तर आणखी मोठा. कोकणात चंद्राची तारीख पाहून भरतीची वेळ तोंडी काढतात. तारखेची पाऊणपट केली की तितके वाजता भरती. सौदीत तर सरकारी कॅलेंडरच चंद्राचं, प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर टांगलेलं. कासमभाई ते पाहून हरखून गेले. “काय देश हाय! भिंतीवर भरती लावून ठेवली हाय आणि एकाला वाचता येत नाय.” मग पहिला सबंध हिवाळा त्यांनी रत्नागिरीच्या हिशेबाने खफजीच्या समुद्रावर घालवला. त्यांची भरती व्हायची तेव्हा समोर चिखल असायचा. चूक त्यांनी कधीही कबूल केली नाही. “या समुद्राला उशिरा उठायची सवय हाय,” एवढंच म्हणाले आणि फरक मनात टिपून ठेवला. पुढे कोणीही वेळ विचारली की ते आधी घरची सांगत. “आता आपल्या खाडीत पाणी भरलं असेल. बायका तरीच्या होडीतून उतरत असतील.” मग घड्याळ बघत.

आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण एक मासा होता.

धक्क्याच्या टोकाला, लोखंडी खांबांच्या बुडाशी तो राहतो असं कासमभाई सांगत. चार हिवाळे ते त्याच्या मागे होते आणि त्याला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं दोनदाच. लांबुळका, पुरुषभर, पुढे निघालेला जबडा आणि आत सुऱ्यांची रांग. दर हिवाळ्यात तो एक-दोनदा गरी घ्यायचा आणि दोरी कापून निघून जायचा. त्याचं नाव त्यांनी कफील ठेवलं होतं. सौदीत परदेशी कामगाराचा जो मालक आणि जामीनदार, ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट पडलेला असतो, तो कफील. “हा बी तसाच,” कासमभाई म्हणत. “दिसत नाय, बोलत नाय, पण प्रत्येकाच्या ताटातला वाटा याला पोचतो.”

धक्क्यावर किनारा पहाऱ्याचा एक वयस्कर सौदी शिपाई असे, अबू फहद. त्याला हे नाव कळलं तेव्हा तो आधी इकडेतिकडे पाहून घेऊन मग पोट धरून हसला. त्याचं कासमभाईंशी मेतकूट जमलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा वीसेक शब्दांपलीकडे येत नव्हती, त्यामुळे कधी भांडण झालं नाही.

तसाच एक पाइपलाइनवरचा इंग्रज साहेब. तो एकदा भारी काठी घेऊन धक्क्यावर आला आणि बादलीतला हात पाहून थबकला. त्याने पाकिटातून एक फोटो काढला. बर्फाने पांढरा झालेला तलावाचा काठ, त्यावर टोपीबिपी घातलेला साहेब आणि हातात अगदी कफीलच्या तोंडवळ्याचा मासा. गोड्या पाण्यातला, साहेबाच्या भाषेत पाईक. तोही म्हणे थंडीत तळाशी पडून राहतो आणि त्याच्यासाठी माणसं बर्फात दिवसचे दिवस बसतात. मी दोघांच्यामध्ये दुभाषा म्हणून उभा राहिलो, पण पाच मिनिटांत माझी गरज संपली. दोन तास ते हातवारे करून बोलत होते. जाताना साहेबाने कासमभाईंना वीतभर लांबीची पोलादी तार दिली. दोरी आणि गरी यांच्यामध्ये ती बांधायची, म्हणजे दात लागले तरी तुटत नाही.

“बघ मास्तर,” कासमभाई मला म्हणाले. “त्याच्या मुलुखात बी माणसं हायत.”

त्यांचा सख्खा भाऊ मात्र त्यांच्या लेखी माणसांत नव्हता. उस्मान त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, त्यामुळे त्याला कासमभाईंनीच वाढवलं, होडीवर नेलं, दोरी धरायला शिकवलं. आणि हा पठ्ठ्या कुवेतला जाऊन एका मोठ्या दुकानात फ्रोझन मासे विकायला लागला! कासमभाई हे सांगताना आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघत. “मेलेला मासा बर्फात घालून परत मारतो. आणि वर पिशवीवर त्याचा फोटो!” सहा वर्षांपूर्वी दोघं एकाच वेळी रजेवर गेले होते. उस्मानच्या सासुरवाडीला जेवण होतं. तिथे उस्मान हसत म्हणाला, “दादा, तू थंडीत बसून एक मासा धरतोस, तेवढ्यात मी शंभर विकतो.” कासमभाईंनी सगळ्या पाहुण्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. उस्मान ताटावरून उठला तो परत त्यांच्याशी बोलला नाही. खफजीहून कुवेत शहर मोटारीने दीड-दोन तासांवर. सहा वर्षांत एकाने सरहद्द ओलांडली नाही.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज कुवेतमध्ये शिरली. पहिल्या आठवड्यात माणसांचे लोंढे आमच्या गावात आले. मोटारींवर गाद्या, पिंजऱ्यात पोपट, पायात एकच चप्पल. काही लाँचीही किनाऱ्या-किनाऱ्याने आल्या आणि आमच्या धक्क्याला लागल्या. कासमभाई कामावरून सुटले की या गर्दीत फिरत. कोणाला शोधताय असं मी विचारलं तर म्हणाले, “कोणाला नाय. लोक बघतोय.” पुढे आपली माणसं कुवेतहून जॉर्डनमार्गे विमानांनी घरी पोचल्याच्या बातम्या आल्या. रत्नागिरीहून पत्रांमागून पत्रं आली. त्या माणसांत उस्मान नव्हता. तो मागेच राहिला होता, आणि जिवंत आहे की नाही हे सांगणारा कोणी नव्हता.

कासमभाई त्याचं नाव काढत नव्हते. मी काढलं तर म्हणत, “बर्फात असेल.”

हिवाळा आला तो लष्कर घेऊनच. किनारा बंद झाला, धक्क्यावर वाळूच्या गोण्या चढल्या. आता कासमभाईंची मासेमारी संपली असं आम्ही धरून चाललो. पण अबू फहदने आपल्या अधिकाऱ्यापुढे काय रदबदली केली कोण जाणे. हा म्हातारा चार वर्षं एका माशाच्या मागे आहे, मासा मिळाला की जाईल, असं काहीतरी त्याने सांगितलं असावं. अधिकारी हसला आणि म्हणाला, “समक, बादेन खलास.” मासा धरा, मग संपलं. इतक्या मोठ्या युद्धाच्या तयारीत एका माशापुरती सूट मिळाली आणि कासमभाई रोज पहाटे बादली घेऊन पूर्वीसारखे जाऊ लागले.

जानेवारीत कंपनीने माणसं रियाधला हलवायला सुरुवात केली. अल मलाझमध्ये कंपनीचं गेस्टहाऊस होतं, तिथे. याद्या करायचं काम माझं. कासमभाईंचं नाव मी पहिल्या बसच्या यादीत घातलं. त्यांनी ते खोडायला लावलं. “कफील धरला की येतो.” दुसरी बस गेली. तिसरी गेली. कामगार त्यांना वेडा म्हणू लागले. मी चिडलो, समजावलं, पाया पडलो. सरहद्दीपलीकडच्या तोफा आमच्या गावावर रोखलेल्या आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि हा माणूस मला सांगत होता, “पाणी आता जरा बरं झालंय, मास्तर. या आठवड्यात घेईल तो.” एका माशापायी जीव घालवायला निघालेल्या माणसाचा मला राग येत होता, आणि त्याच वेळी, का ते सांगता येत नाही, त्याच्यापुढे हात जोडावेसेही वाटत होतं.

शेवटची बस निघायची सकाळ उजाडली. माझ्या यादीत बावीस नावं आणि बसमध्ये एकवीस माणसं. मी ड्रायव्हरला थांबायला सांगून धक्क्यावर पळत गेलो.

कासमभाई नेहमीच्या जागी बसले होते. उजवा हात बादलीतून नुकताच काढलेला, लालभडक. दोरी तर्जनीवर. डोळे मात्र मिटलेले नव्हते. ते पाण्याकडे पाहतच नव्हते. ते उत्तरेकडे, किनारा जिथे कुवेतकडे वळतो तिकडे बघत होते.

“उठा!” मी ओरडलो. “बस सुटतेय. खड्ड्यात गेला तुमचा कफील!”

“जरा थांब. आत्ता लागेल.”

माझा ताबा सुटला. मी त्यांच्या हातातली दोरी हिसकावून घेतली आणि भराभर वर ओढायला लागलो. अकराही गाठी माझ्या हातातून गेल्या. शेवटी शिशाचा गोळा वर आला. गोळ्याच्या पुढे काहीच नव्हतं. आमिष नाही, तार नाही, गरीसुद्धा नाही.

मी कासमभाईंकडे पाहिलं. कासमभाईंनी अबू फहदकडे पाहिलं. अबू फहद घाईघाईने दुसरीकडे बघायला लागला.

“मंगळवारी धरला,” कासमभाई हळूच म्हणाले.

“मंगळवारी? आज रविवार आहे!”

“हां. अबू फहदच्या घरी गेला, भाताबरोबर. सांगू नको कोणाला. मासा मिळाला कळलं की उठवतील इथनं.”

“मग पाच दिवस तुम्ही इथे करताय काय?”

त्यांनी माझ्या हातातली दोरी परत घेतली. मग म्हणाले, “रस्त्यात सुरुंग पेरलेत बोलतात. उस्मान रस्त्यानं येणार नाय. त्याला दर्या ठाऊक हाय. बर्फातले विकत असला तरी शिकवलेला माझा हाय. किनारा धरून आला तर पहिला धक्का हाच. इथं कोणी नसलं, तर त्याला वाटेल, दादा अजून रागात हाय.”

मी तिथेच वाळूच्या गोणीवर बसलो. पाच दिवस हा माणूस अर्धा-अर्धा तास हात गोठवून, गरी नसलेली दोरी धरून बसला होता, कारण नुसतं बसलेलं दिसला तर उठवतील. आणि तो अरब शिपाई, ज्याला उस्मान कोण हे नीट सांगायलाही कासमभाईंकडे शब्द नव्हते, तो रोज आपल्या अधिकाऱ्याला ‘अजून नाही मिळाला’ असं सांगत होता. मला त्या दोघांपुढे फार लहान वाटलं. तिकडे बसचा हॉर्न वाजायला लागला.

काय सुचलं कोणास ठाऊक, मी शेजारच्या शेडमध्ये गेलो. तिथे पाइपांवर नंबर टाकायचा काळा रंग आणि ब्रश असे. धक्क्याच्या टोकाला पंपाची एक पांढरी खोली होती, समुद्राकडे तोंड केलेली. मी म्हटलं, “कासमभाई, उस्मानला मराठी वाचता येतं?”

“सहावी पास हाय तो.”

“मग सांगा काय लिहायचं ते. हातभर अक्षरं काढतो, लांबून दिसतील.”

कासमभाईंना स्वतःला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ते भिंतीसमोर उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, “लिही, गाढवा.”

मी ब्रश उचलला.

“नको, ते नको. लिही, उस्मान.” मी लिहिलं. “मी रियाधला हाय. अल मलाझ, कंपनीचं गेस्टहाऊस. तिकडं ये.” तेही लिहिलं. हॉर्न एकसारखा वाजत होता. “आणि लिही, तेव्हा मी जो हात उचलला…” इथे ते थांबले. “नको. राहू दे ते.”

“अहो, लिहितो की. इथे मराठी कोण वाचणार आहे?”

“तो वाचेल ना,” कासमभाई म्हणाले.

मग त्यांनी एकदा उत्तरेकडे पाहिलं. वारा तोंडावर सुया टोचत होता. “एवढंच लिही,” ते म्हणाले. “पाण्यावर थंडी फार हाय. कान बांध.”

मी लिहिलं. त्यांनी ते ओल्या रंगाच्या आणखी जवळ जाऊन, वाचता येत असल्यासारखं, डावीकडून उजवीकडे नीट पाहिलं. अबू फहदने मला विचारलं, काय आहे हे? मी मोडक्या अरबीत सांगितलं. त्याने कासमभाईंचा खांदा धरला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “अना मौजूद.” मी आहे इथे. मग कासमभाई निघाले ते मागे न पाहता बसमध्ये जाऊन बसले.

पुढे खफजीवर काय कोसळलं ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. आम्ही अल मलाझला होतो. रात्री भोंगे वाजत, काचांना चिकटपट्ट्या लावलेल्या. कासमभाईंना तिथे समुद्र नव्हता, त्यामुळे काम नव्हतं. मी त्यांना बोलतं करायला म्हणून अनेकदा विचारलं, अहो, कफील धरला कसा ते तरी सांगा. चार वर्षांचा मासा! साहेबाच्या तारेनं धरला का? किती वेळ झुंजला? ते नुसती मान हलवत. “धरला. झालं.” त्यांच्यासारख्या माणसाने त्या दिवसाचा एक शब्दही कोणाला सांगू नये याचं मला नवल वाटे.

युद्ध संपलं. तीनेक आठवड्यांनी रत्नागिरीहून पत्र आलं. पत्रं वाचून दाखवायचं काम माझंच. उस्मान जिवंत होता. तो दुकान सोडून गेलाच नव्हता. मालकाचं कुटुंब आणि तो, सगळे दुकानामागच्या गोदामात सात महिने लपून राहिले. वीज असेपर्यंत फ्रीजरमधले मासे आणि नंतर खारवलेले मासे, यांच्यावर त्यांची सगळी गल्ली जगली. खारवण्याची रीत दादाने शिकवलेली होती, असं त्याने घरी कळवलं होतं. धक्क्याकडे तो कधी आलाच नव्हता.

कासमभाईंनी खारवण्याच्या रीतीचं ते वाक्य माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग खाटेवर बसून तोंड टॉवेलात घालून मोठ्याने रडले. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. “मास्तर, कागद घे. उस्मानला पत्र हाय.”

मी तयारीतच होतो. सहा वर्षं आत कोंडलेली माफी आता बाहेर येणार म्हणून मी रुमालही जवळ ठेवला होता. कासमभाई खुर्चीवर सरळ बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले.

“प्यारे भाई उस्मान, त्या दिवशी मंगळवार होता. पाणी ओसरायला लागलं होतं, वारा उत्तरेचा. तुला सांगतो, तळाचं पाणी इतकं थंड होतं की आधी एक खेकडासुद्धा बोलेना…”

ते सांगत राहिले आणि मी लिहीत राहिलो. आमिष कसं कापलं, तार कशी बांधली, शिसं कुठल्या खांबापाशी सोडलं, पहिला धक्का लागला तेव्हा दोरी कशी दिली, सगळं. जे दोन महिने मी मागून मिळालं नव्हतं ते सगळं आता घडाघडा कागदावर येत होतं, आणि मध्ये मध्ये ‘तुला ठाऊक हायच’, ‘आपल्या खाडीत तू सोडला होतास तसा’ असं ते बंद डोळ्यांनी त्याला सांगत होते. थपडेचा उल्लेख कुठेही नव्हता. चार पानं भरली, चहा गार झाला आणि कफील अजून पाण्यातच होता.

मी पाचवं पान घेतलं.